फौजदाराच्या मांडीचं माप

आमच्या दुकानातून गेलेला एकही कोट चाळीस वर्षांत "घट्ट होतो" म्हणून परत आलेला नाही. ही फुशारकी नाही. फुशारकी मारायला हात रिकामे लागतात आणि माझे कधी नसतात. माप मी घेते, कापड आमचे हे कापतात. शिलाईच्या मशिनी दोन आहेत. एकीवर मी बसते आणि दुसरीवरही मीच, कारण कामाला ठेवलेला कुणीही माझ्या तोंडापुढे सहा महिन्यांच्या वर टिकला नाही. ह्यांना सगळा रस्ता मास्तर म्हणतो, म्हणून मीही मास्तरच म्हणते. दिवसाला वीस शब्द बोलणारा माणूस. त्यातले पंधरा कुत्र्याशी.

कुत्र्याचं नाव फौजदार. नाव मीच ठेवलं. दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाचे बूट हुंगायचे, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळायचं आणि मगच आत सोडायचं, असा त्याचा रिवाज. मास्तरांच्या कापायच्या टेबलाखाली त्याची चौकी. दहा वर्षांपूर्वी पिल्लू असताना मी त्याला तिथून हाकलायला सुरुवात केली. पाचेक वर्षांनी हाकलायचं सोडलं. हरले म्हणून नाही, दुसरी कामं होती.

तर एका सकाळी हा फौजदार टेबलाखाली बसायचा तो टेबलावर चढून बसला. वकिलाच्या काळ्या कोटाच्या बाह्या कापून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर ऊन आलं होतं, आणि साहेबांना ऊन फार प्रिय. मी आतून आले ती कात्रीसकट ओरडतच आले. त्याने उडी मारली. चढला होता चार पायांनी, उतरला तीन पायांवर. मागचा डावा पाय हवेत.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई माझ्या मशिनीपेक्षा वयाने लहान. पाय इकडे वाकवला, तिकडे वाकवला आणि म्हणाल्या, "आजी, गुडघ्यातली दोरी तुटलीय. आत पट्टी बसवून स्क्रू मारावे लागतील."

"मारा," मी म्हणाले. "पण नीट मारा."

"नीटच मारते. पण एक गोष्ट सगळ्यांनी ऐकून ठेवा." त्यांनी मास्तरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मुलगा बाहेर गाडीत होता. ह्या सगळ्या प्रकरणात गाडी चालवणं एवढंच त्याचं काम. "ह्याचं वय दहा. हृदयात थोडी खरखर ऐकू येतेय. एकदा भूल देऊ. ती सोसेल. दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली तर मी काही सांगू शकत नाही. तेव्हा हा गुडघा पहिल्याच फटक्यात बरा झाला पाहिजे, आणि ते माझ्यापेक्षा तुमच्या हातात आहे."

मास्तरांनी त्या दिवशीचे उरलेले सगळे शब्द तिथेच टाकून दिले. घरी येईपर्यंत, जेवताना, झोपताना, एक अक्षर नाही.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी फौजदार घरी आला. अर्धं ढुंगण भादरलेलं, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, आणि तोंडावर असा भाव की ह्यातल्या प्रत्येकाचं नाव त्याने लिहून ठेवलंय. मी आधी टाके बघितले. बारा होते. दवाखान्यातच मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, "बाई, हा सातवा टाका तिरका आहे."

"आजी, जनावर आहे, हलतं."

"भूल दिली होती ना?"

त्यावर त्यांना अचानक फोन आला.

आमची सूनबाई औषधांच्या दुकानात काउंटरला असते, त्यामुळे कुणाच्या पोटात काय आणि किती वाजता जावं हे आपल्यालाच कळतं अशी तिची समजूत. तिने घरी आल्या आल्या एक तक्ता केला आणि भिंतीवर चिकटवला. सकाळी ही गोळी, संध्याकाळी ती, पाच मिनिटं दोरीने चालवणं, दहा मिनिटं बर्फ. मी तिसरी शिकले. आकडे वाचते, नावं वाचते आणि माणसाचं तोंड वाचते; एवढ्यात माझं भागलं. मी तक्ता पाठ केला आणि त्याच्यापुढे कोटांचे हँगर अडकवायला लागले.

खाली दुकान, वर घर, मधे सोळा पायऱ्या. जिना आठ आठवडे बंद, उड्या बंद, पळणं बंद. म्हणून त्याची खोली चौकीतच केली. टेबलाखाली गादी घातली, तीन बाजूंनी फळ्या लावल्या, चौथ्या बाजूला इस्त्रीचं टेबल आडवं टाकलं. पोटाखालून घालून मागचा भाग उचलून धरायला झोळी लागते. दवाखान्यातली झोळी बघून मला दया आली. कडेला शिलाई एकेरी. मी कोटाच्या कॅनव्हासची शिवली, आतून रेशमी अस्तर, धरायला दोन भक्कम कान. वकील ट्रायलला आला होता. म्हणाला, "आजी, अस्तर माझ्या कोटाचंच दिसतंय."

"तुमच्या कोटातून उरलं. आणि फौजदाराने उलट प्रश्न विचारले नाहीत."

पहिल्यांदा बाहेर काढलं तेव्हा मास्तर पुढे दोरी धरून, मी मागे झोळी धरून, मधे फौजदार. तीन पाय जमिनीवर, एक अधांतरी, नरसाळं रस्त्याला घासतंय. समोरच्या बेकरीवाल्याने पाव देता देता हात थांबवला. मी त्याला तिथूनच विचारलं, "काय रे, तिकीट काढलंस का?" हात पुन्हा चालू झाला.

गोळ्यांचं प्रकरण वेगळंच. सूनबाईने गोळी उकडलेल्या अंड्यात लपवली. अंडं गेलं, गोळी बाहेर आली, पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ. मग भातात. भात गेला, गोळी आली. मग तिने त्याचा जबडा कसा उघडायचा ते मोबाईलवर बघितलं आणि त्याने तिचा चष्मा चाटून काढला. "आई, हा ऐकतच नाही हो!" मास्तर खाली वाकले, गोळी तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "खा." खाल्ली. मी चाळीस वर्षं संसार केला, माझ्याशी हे कधी एका शब्दात इतके गोड बोलले नाहीत.

आता मापाचं. डॉक्टरीणबाईंनी निघताना सांगितलं होतं की पाय टेकत नाही म्हणून मांडी सुकते, आणि मांडी भरल्याशिवाय गुडघ्याला आधार नाही. म्हणून दर आठवड्याला मांडीचा घेर मोजायचा. त्यांनी स्वतः मोजून दाखवला होता. चांगली उजवी चौदा इंच, डावी बारा. "डावी साडेतेरावर आली की जिन्याचं बघू," त्या म्हणाल्या. "पण आधी मला आणून दाखवायचं. जमेल मोजायला?"

जमेल मोजायला! मला! मास्तर खोकले. मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत जायच्या आधीपासून माझ्या गळ्यात टेप आहे."

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशीच मी टेप लावली. पावणेतेरा.

"लिहा, मास्तर. पावणेतेरा."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. टेपकडे बघितलं. कानावरची पेन्सिल काढली आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत, वकिलाच्या खाली, फौजदाराच्या नावाने लिहिलं.

सूनबाई जिन्यात उभी होती. "आई, काल बारा होतं. एका दिवसात पाऊण इंच?"

"दवाखान्यात कोण विचारतंय त्याला? घरचं अन्न पोटात गेलं, भरला."

"सूज असेल. नाहीतर असं करा ना, रोज दोन्ही मांड्यांचं घ्या. म्हणजे बरोबर फरक कळेल."

"उजवी चौदा आहे. चौदाची आज पंधरा होणार आहे का? धडधाकट माणसाचं माप कुणी रोज घेतं?"

ती तोंड मिटून वर गेली. तिचं बरोबर होतं हे मी आज सांगतेय. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्याला दुकानाबाहेर काढला असता.

तिसऱ्या आठवड्यात तेरा. पाचव्यात सव्वातेरा. पाय हळूहळू जमिनीला लागायला लागला, आधी नखं, मग पंजा. नरसाळं गेलं, टाके निघाले. मास्तर कापताना एक पाय टेबलाखाली सोडून बसायचे, फौजदार त्या पायावर हनुवटी टेकून पडायचा, आणि दोघंही दिवसभर काही बोलायचे नाहीत, अगदी पोटभर. सहाव्या आठवड्यात मी टेप लावली आणि आकडा बघून उभी राहिले.

"साडेतेरा! लिहा! लिहा लवकर, नाहीतर सूनबाई म्हणेल मी स्वप्नात मोजलं."

मी झोळी खुंटीला अडकवली. संध्याकाळी फिरायला निघताना बघते तर मास्तरांनी ती काढून पुन्हा त्याच्या पोटाखाली घातली होती.

"अहो, साडेतेरा आलं ना? आता कशाला?"

"असू दे."

"माझं माप खोटं आहे का?"

मास्तर रस्त्याकडे बघत राहिले. मी रागाने झोळीचा मागचा कान सोडून दिला. त्यांनी दोन्ही हातांनी सगळं एकट्याने सांभाळलं. माझ्या मापाविरुद्ध हा माणूस पहिल्यांदा वागत होता, असं मला वाटलं.

सूनबाई म्हणाली, "आई, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जिना नाही हं. दोन आठवड्यांनी तारीख आहे."

आता मला सांगा, पाव किलो बटणं मोजून दिली तरी ही पोरगी पुन्हा मोजणार. माझ्या दुकानात, माझ्या जिन्यावर, माझ्या मापाला तारीख लागते? दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. मुलगा-सून कामावर, मास्तर आडवे होऊन घोरतात. मी इस्त्रीचं टेबल सरकवलं आणि फौजदाराला म्हणाले, "चल, वर घर आहे तुझं. बघून ये."

पहिल्या दिवशी सोळाच्या सोळा पायऱ्या चढला. खाली आला. मी त्याला बिस्किट दिलं आणि स्वतःही एक खाल्लं. मनात ठरवलं होतं, रविवारी सगळे जेवायला बसले की हा आपल्या पायाने वर येईल, दारात उभा राहील, आणि मी काही बोलणार नाही. नुसती सुनेला वाढत राहीन.

दुसऱ्या दिवशीही चढला, जरा थांबत थांबत. तिसऱ्या दिवशी नवव्या पायरीवर बसला.

"उठ."

उठला नाही. हा कुत्रा माझ्याशी दहा वर्षं डोळ्याला डोळा भिडवून भांडलाय. त्या दिवशी त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मी त्याला उचलला. अठरा किलो. नऊ पायऱ्या कशा उतरले ते माझ्या कमरेला विचारा. गादीवर ठेवला, टेबल होतं तसं लावलं, जाऊन मशिनीवर बसले. त्या दुपारी मी एक बाही उलटी बाजू सुलटी लावून शिवली.

सकाळी गुडघा सुजलेला. पाय पुन्हा हवेत.

"हवा बदललीय," मी म्हणाले. "माझेही गुडघे दुखतायत."

सूनबाई खाली बसून गुडघा चाचपत होती. "आई, कुठे घसरला का? जिन्यावर वगैरे गेला होता का?"

"मी असताना?"

खोटं मी बोलले नाही. मी प्रश्न विचारला. प्रश्नाला कुणी खोटं म्हणत नाही.

तिने फोन करून त्याच दिवशीची वेळ घेतली, कामावर सुट्टी टाकली. मुलाने गाडी काढली. मास्तर मागच्या सीटवर फौजदाराचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मी पुढे. पूर्ण रस्ता माझ्या मानेकडे मागून कुणीतरी बघतंय असं वाटत होतं, आणि वळून बघावं तर मास्तर खिडकीबाहेर.

डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, काचेवर लावला. "पट्टी जागेवर आहे. स्क्रू जागेवर आहेत." मग मांडी मोजली. "पावणेतेरा."

"साडेतेरा," मी म्हणाले.

"आजी, पावणेतेरा आहे."

"तुमची टेप जुनी झालीय. प्लास्टिकची टेप ताणली जाते." मी पर्समधून माझी काढली, फौजदाराच्या मांडीला लावली, आकडा त्यांच्या नाकासमोर धरला. "वाचा. साडेतेरा."

डॉक्टरीणबाई वाकून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आजी, बोट काढा."

"कुठलं बोट?"

"टेपच्या आत तुमचं बोट आहे."

मी बघितलं. टेप आणि मांडीच्या मधे माझं बोट होतं. डाव्या हाताचं पहिलं, सुयांनी जाड झालेलं, आरामात पसरलेलं, जसं काही आपल्या घरी बसलंय. तुम्हाला सांगते, मला ते दिसलंच नव्हतं कधी. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की पोट आत ओढतं, छाती फुगवतं, श्वास धरतं. म्हणून टेपखाली एक बोट घालायचं, म्हणजे माणसाला जेवल्यावरही कोट बसतो. माझ्या सासूबाईंनी शिकवलं होतं. चाळीस वर्षांत ते बोट आपणहून जाऊन बसायला लागलं. पण कुत्रा पोट आत ओढत नाही. निदान मांडी तरी नाही.

मी बोट काढलं. टेप आवळली. पावणेतेरा.

"म्हणजे पहिल्या दिवशी," सूनबाई म्हणाली, आणि थांबली. हिशोब सगळ्यांचाच झाला होता.

तेवढ्यात मास्तर बोलले. "तुझं बोट नेहमीच असतं आत."

"काय?"

"मी कापताना तेवढं कमी धरतो."

"कधीपासून?"

मास्तरांनी विचार केला. "लग्नानंतर दुसऱ्या कोटापासून. पहिला फार ढगळ झाला होता."

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी माप सांगत होते आणि हा माणूस मान डोलवून लिहीत होता आणि कापताना आपलं आपलं कापत होता! "मग ह्याच्या वेळी का नाही बोललात?"

"झोळी घातली ना मी."

एवढं झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी खरं विचारायचं ते विचारलं. "ही सूज का आली? पडला, घसरला, चढउतार झाली?"

आणि इथे माझी सून बोलली. मी दहा वर्षं त्या मुलीच्या तोंडून माझं कौतुक ऐकायला टपले होते, हे ती सोडून सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणाली, "नाही डॉक्टर. माप चुकलं असेल, पण पथ्य नाही चुकलं. आईंनी डोळ्यांत तेल घालून सांभाळलंय त्याला. जिन्याला पाय लावू दिला नाही. आम्ही दिवसभर नसतो, पण आई असताना मला काळजीच नव्हती."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे पूर्ण विश्रांतीत असताना सूज आली. मग आतली गादी फाटली असणार. ती फोटोत दिसत नाही, उघडूनच बघावं लागेल." त्यांनी कॅलेंडर ओढलं. "पुन्हा भूल द्यायची मला अजिबात इच्छा नाही. पण पर्याय दिसत नाही. गुरुवारी सकाळी आणा."

मास्तरांचा हात फौजदाराच्या कानावर होता. तो हलायचा थांबला.

माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. एक, सुनेचं ते वाक्य. मला ते अजून शब्दन् शब्द पाठ आहे. दुसरी, टेबलावर पडलेला तो म्हातारा कुत्रा. एक ठेवली तर दुसरी जाणार.

"थांबा," मी म्हणाले. "विश्रांतीत नव्हता."

"काय म्हणालात?"

"जिना चढवला. मीच. तीन दुपारी. सोळा पायऱ्या वर, सोळा खाली. तिसऱ्या दिवशी नवव्या पायरीवर बसला, तेव्हा मी उचलून आणला. झोळी नव्हती. कुणाला माहीत नाही, हे सगळे झोपलेले होते किंवा कामावर." मग एकदम मोठ्याने म्हणाले, कारण हळू आवाजाची मला सवय नाही, "आता बघताय काय माझ्याकडे? पायाकडे बघा!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. पाय पुन्हा घेतला, वाकवला, सरळ केला, कान लावून ऐकल्यासारखा चेहरा करून फिरवला. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. पण त्या बाईने मोठा श्वास सोडला.

"पावणेतेराच्या मांडीवर एवढे जिने म्हणजे सूज येणारच. आत लगेच काही फाटलं असं मानायची गरज नाही. तीन आठवडे पूर्ण आराम, गोळ्या, बर्फ. सूज उतरली तर उघडायचं काम नाही. आजी, हे तुम्ही आत्ता सांगितलं नसतं तर गुरुवारी मी त्याला विनाकारण टेबलावर घेतला असता."

"सांगितलं नसतं कसं? सांगितलंच ना!"

परत निघालो. सूनबाई मागे मास्तरांच्या शेजारी. मी आरशातून तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर चौकात बघितलं. शेवटी मला राहवेना. मास्तरांना विचारलं, "अजून कशाकशात कमी धरता माझं?"

त्यांनी फौजदाराचा कान नीट केला. मग, "बोलण्यात."

सून खिडकीकडे तोंड करून हसली. मुलगा हसला, गाडी जरा वाकडी गेली. मी हसले नाही. मला हसू आलं होतं, ते मी घरी जाऊन चहा टाकताना एकटीने हसले.

पुढच्या दिवसांत घरात माझी किंमत काय राहिली ते सांगते. मुलाने जिन्याच्या तळाशी लाकडी फाटक बसवलं, त्याला कडी लावली आणि कडीला कुलूप. किल्ली सुनेकडे. मला वर जायचं तर हाक मारायची! पहिल्या दिवशी मी एकदाही वर गेले नाही, दुपारचं जेवण दुकानातच घेतलं. दुसऱ्या दिवशी सूनबाई कामावर जाताना किल्ली मशिनीवर ठेवून गेली. मी किल्ली कमरेला लावली.

सूज अकरा दिवसांत उतरली. तो पंजा टेकताना मास्तर टेबलाखाली आडवे पडून बघत होते. गिऱ्हाईक येऊन काउंटरवर टकटक करतंय आणि मास्तरांचे फक्त बूट दिसतायत.

माप आता सुनेनेच घ्यायचं असं मी सांगितलं. तिने पहिल्यांदा टेप अशी आवळली की फौजदार किंचाळला.

"अगं, मांडी आहे ती, पार्सल नाही! कातडीला टेकली की थांब. दाबायची नाही."

"अशी?"

"आता ढिली झाली. श्वास सोड. तुझा, त्याचा नाही."

"आई, तुम्हीच घ्या ना."

"मी नाही घेणार. माझ्या बोटाचा मला भरवसा नाही. ते तिथे जाऊन बसतं. तू दोन्ही मांड्यांचं घे. तू म्हणत होतीस तसं."

तिने दोन्हींचं घेतलं. मास्तरांनी दोन्ही लिहिली. उजवी चौदा, डावी पावणेतेरा. पुढच्या आठवड्यात तेरा. मग दोन आठवडे तेराच, एक सूतभर पुढे नाही, आणि मी दर वेळी विचारायचे, "नीट बघितलंस ना?" आणि ती दर वेळी म्हणायची, "आई, टेप तुमचीच आहे." मग सव्वातेरा. मी त्याला पाच मिनिटं फिरवायचे, मग दहा, मग बेकरीपर्यंत, मग बेकरीच्या पुढच्या औषधांच्या दुकानापर्यंत. तिथे काउंटरमागून सूनबाई हात हलवायची. मी हात हलवत नसे, माझ्या हातात झोळी असे.

पंधराव्या आठवड्यात परत दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी मोजलं. डावी पावणेचौदा, उजवी चौदा. गुडघा फिरवला, टणक. हृदय ऐकलं, खरखर होती तेवढीच. "बस्," त्या म्हणाल्या. "झोळी काढा. जिना चढू दे, आधी रोज एकदा. तो आता तुमचा."

"आमचाच होता," मास्तर म्हणाले. हा त्यांचा त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा संवाद.

आम्ही बाहेर आलो. दाराशी डॉक्टरीणबाईंची पांढरी स्कूटर उभी होती, नुकतीच धुतलेली. फौजदार तिच्याजवळ थांबला. मागचं चाक हुंगलं. पुन्हा हुंगलं. आता हे सांगायला हवं की ऑपरेशनपासून हा बिचारा खाली बसून उरकत होता, मान खाली घालून, कुणी बघत नाही ना असं बघत. आधी जोर नव्हता, मग भरवसा नव्हता. मला वाटलं, आताही बसेल.

त्याने पाय उचलला. उजवा. चांगला.

म्हणजे सगळा भार डाव्यावर. पट्टीवर, स्क्रूवर, त्या पावणेचौदा इंचांवर. अठरा किलोचा कुत्रा एका भादरून पुन्हा केस आलेल्या मांडीवर उभा, मान ताठ, नजर लांब कुठेतरी.

"अहो, स्कूटर!" सूनबाई पुढे धावली.

"हात लावू नकोस त्याला!" मी तिचा दंड धरला. दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, त्यांनीही काही म्हटलं नाही. मास्तरांनी दोरी सैल सोडली.

मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार. पाय कापला नाही. पाच, सहा. चाकावरून पाणी खाली आलं. सात, आठ. नवव्याला त्याने पाय खाली ठेवला, पण दमून नाही. संपलं होतं म्हणून.